ज्ञानेश्वरीचे सात अडॅप्टर

ज्ञानेश्वरी माने माझ्याकडे आली ती मशीनवरची धूळ पुसायच्या कामाला. शहाण्णव सालचा ऑक्टोबर होता. सानपाड्याला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या एका गाळ्यात मी कॉम्प्युटर क्लास चालवत होते. त्याआधी सव्वीस वर्षं परळच्या एका कमर्शियल इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकवलं. टायपरायटरचे दिवस भरत आले हे दिसायला लागल्यावर राजीनामा दिला आणि त्र्याण्णव साली आठ कॉम्प्युटर घेऊन इकडे नव्यानं मांडामांड केली. येणाऱ्या बहुतेक मुली माथाडी कामगारांच्या आणि मार्केटमधल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या. घरून एकच अट असायची, अंधाराच्या आत परत.

मशीन पुसणं, बॅच लावणं, छपाईचे कागद भरणं अशी कामं करायला बाई हवी होती. ज्ञानेश्वरी भेटायला आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच कोपऱ्यात उघडून ठेवलेल्या मशीनपाशी जाऊन वाकली. तीस-एकतीस वर्षांची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले.

"कॉम्प्युटर बघितलायस का कधी?" मी विचारलं.

"आतून बघितलाय," ती म्हणाली. "म्हणजे असलीच कार्डं. बाहेरून न्हाई."

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ती नऊ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजची कार्डं जोडायची. हुद्दा सोल्डरिंग ऑपरेटर, म्हणजे वितळलेल्या धातूनं टाके मारणारी. कंपनीनं लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि चाळीस बायकांना एका दिवसात घरी बसवलं. वडील बाबासो माने कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, मूळचे साताऱ्याकडच्या पाटण तालुक्यातले. नवरा किसन टेम्पो चालवायचा. लग्नानंतरही नाव माहेरचंच ठेवलेलं. कंपनीच्या पासावर तेच छापलं होतं आणि ते बदलायला कुणाला वेळ झाला नाही, असं ती हसत सांगायची.

मी तिला कामाला ठेवलं ते धुळीसाठीच, हे मला इथं कबूल केलं पाहिजे. महिनाभरात एका मशीनचा कीबोर्ड बंद पडला. आम्हाला माल पुरवणारा आशुतोष कारखानीस येऊन बघून गेला. तिशीच्या आतला, चटपटीत, कमरेला पेजर. "मॅडम, बोर्ड गेला. टेन्शन नका घेऊ, बदलून टाकू." तो गेल्यावर ज्ञानेश्वरीनं बोर्ड उजेडात धरला. कीबोर्डची वायर जिथं बसते तिथं टाक्याला केसाएवढी चीर होती. दुसऱ्या दिवशी तिनं घरून आपली सोल्डरिंगची इस्त्री आणली, दोन मिनिटांत टाका पक्का केला, आणि कीबोर्ड चालायला लागला. त्या दिवसापासून धूळ मी पुसायला लागले.

मार्च सत्त्याण्णवमध्ये परीक्षा मंडळाचं पत्र आलं. आमच्या मुली ज्या सर्टिफिकेटसाठी बसायच्या ते देणारं मंडळ. यापुढे विंडोज पंच्याण्णववर परीक्षा, आणि केंद्रातल्या प्रत्येक मशीनमध्ये पेंटियम पंचाहत्तर किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर हवा. सोळा जूनला तपासणी. नसेल तर केंद्र रद्द. आमची आठही मशीनं चार वर्षांपूर्वीची, पेंटियमच्या आधीची फोर-एटी-सिक्स. विंडोज पंच्याण्णव त्यांच्यावर चढायचं, पण एक फाइल उघडेपर्यंत मुलगी उठून पाणी पिऊन यायची. अडतीस मुलींनी फॉर्म भरलेले होते. केंद्र गेलं असतं तर त्यांना ठाण्याला जाऊन परीक्षा द्यावी लागली असती, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी घरून सोडलं नसतं.

आशुतोषनं पत्र वाचलं. "सगळं बदलावं लागेल. बोर्ड, मेमरी, डिस्प्ले कार्ड. जुन्या सॉकेटमध्ये पेंटियम बसतच नाही."

तेवढा पैसा उभा राहणार नव्हता. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "एक जुगाड आहे. एक नवीन चिप निघालीय, बसते जुन्याच सॉकेटमध्ये, चालते पेंटियम पंचाहत्तरच्या बरोबरीनं. घोळ एवढाच की तुमचा बोर्ड पाच व्होल्ट देतो आणि तिला लागतात साडेतीनच्या आत. डायरेक्ट लावली तर जळेल. मध्ये अडॅप्टर लागतो."

आठवड्यानं तो चिप आणि अडॅप्टर घेऊन आला. अडॅप्टर म्हणजे बिस्किटाएवढी चौकोनी हिरवी चकती. खालून पाय, वरून भोकं, एका बाजूला काळा तीन पायांचा तुकडा. बोर्डावरची जुनी चिप काढायची, तिथं हा बसवायचा आणि त्याच्या डोक्यावर नवी चिप. त्यानं एका मशीनमध्ये बसवून दाखवला. स्क्रीनवर वेग आला एकशे तेहतीस. आधी सहासष्ट असायचा. विंडोज उघडलं तेव्हा मी खरंच टाळी वाजवली.

"असे अजून सात दे," मी म्हणाले.

"चिपा देतो, ढिगानं आहेत. अडॅप्टर हा एकच होता. पुढचा माल तैवानहून तीन महिन्यांनी."

तीन महिन्यांनी म्हणजे तपासणी होऊन गेल्यावर. मी डोक्याला हात लावून बसले. ज्ञानेश्वरी इतका वेळ मागं उभी होती. ती म्हणाली, "दादा, हा दोन दिवस माझ्याकडं ठेवता?"

"ठेवा की, मॅडमनी घेतलाच आहे. पण ताई, तोडू नका हां. दुसरा मिळणार नाही."

तिनं तो तोडला नाही. आलेखाचे कागद आणायला लावले आणि एकशे अडुसष्ट चौकोन आखले, कारण त्या सॉकेटला एकशे अडुसष्ट पाय असतात. मग मल्टिमीटर बीपवर लावला. एक टोक वरच्या भोकात, दुसरं खालच्या पायाला. बीप वाजला की जोड आहे, चौकोनात टिंब. दुपारी दोन ते चार बॅच नसायची, त्या वेळात आम्ही दोघी बसायचो. ती टोकं धरायची आणि मी टिंबं द्यायचे. बहुतेक पाय सरळ खाली जात होते. वीसहून थोडे जास्त पाय मात्र वाजलेच नाहीत. ते वरच्या वर एकमेकांना जोडलेले होते आणि त्या काळ्या तीन पायांच्या तुकड्याकडं जात होते.

"हेच," ती म्हणाली. "विजेचे पाय. बाकी सगळं जसंच्या तसं खाली सोडायचं. हे तेवढे खालून कापायचे, वरून एकत्र करायचे आणि ह्याच्यातून कमी करून वीज द्यायची. मॅडम, ह्यात काय जादू न्हाई. हे मी करू शकते."

एक पाय असा सापडला की तो खालीही जात नव्हता आणि विजेच्या पायांतही नव्हता. त्याच्यापुढं आम्ही प्रश्नचिन्ह टाकलं.

लॅमिंग्टन रोडला आम्ही दोघी गेलो. सुटी सॉकेट, व्होल्टेज कमी करणारे तीन पायांचे रेग्युलेटर, उष्णता खाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. दुकानदारानं रेग्युलेटरचा माहितीचा कागद झेरॉक्स करून दिला. त्यातलं इंग्रजी मी वाचलं, आकृती तिनं वाचली. पाच व्होल्ट कुठून घ्यायचे याचा विचार तिनं परत येतानाच केला होता. हार्ड डिस्कला जी लाल वायर जाते तीतून.

पहिला अडॅप्टर एका रविवारी पूर्ण झाला. दिसायला ओबडधोबड, पण प्रत्येक टाका मोत्यासारखा चमकत होता. चिप बसवायच्या आधी तिनं किसनच्या जुन्या स्कूटरचा दिवा त्याला लावला. "रिकाम्यावर मोजून उपयोग न्हाई. ओझं टाकल्यावर व्होल्टेज बसतंय का, ते बघायचं." दिवा पेटला. मीटरवर तीन पूर्णांक पंचेचाळीस, आणि पाच मिनिटं आकडा हलला नाही.

मग तिनं चिप बसवली, पंखा लावला आणि माझ्याकडं बघितलं. "तुमी दाबा."

"तूच दाब."

तिनं बटण दाबलं. एक बारीक पीप आला आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटायला लागली. मी ओरडले. ती ओरडली नाही. खाली स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून त्या अक्षरांकडं बघत राहिली.

"काय गं?"

"नऊ वर्षं कार्डं जोडली मॅडम. रोज. पण आमचं काम टाके मारायचं, टेस्टिंग वेगळ्या हॉलमध्ये. आमाला आत सोडत नव्हते. मी जोडलेलं काही चालू झालेलं मी कधी बघितलंच न्हाई."

मी चहा टाकला.

स्क्रीनवर आकडा मात्र शंभरच होता, आशुतोषच्या अडॅप्टरवर एकशे तेहतीस आला होता. तिनं आलेखाचा कागद काढला आणि प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. मल्टिमीटरनं पुन्हा तपासलं तर तो पाय अडॅप्टरमध्येच ग्राउंडला, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेला, बांधलेला निघाला. तिनं आपल्यातही तसाच बांधला. एकशे तेहतीस! "हा पाय वेग ठरवतो तर," ती म्हणाली आणि प्रश्नचिन्ह खोडून तिथं टिंब दिलं.

पण वीस मिनिटांत मशीन गोठलं. माउस हलेना. बंद करून चालू केलं, पुन्हा दहा मिनिटांत तेच. कधी अर्धा तास चालायचं, कधी विंडोज उघडतानाच थांबायचं. व्होल्टेज बरोबर. पट्टी कोमट, चटका बसण्याइतकी गरम नाही. तिनं सगळे टाके दोनदा तपासले. तीन दिवस असे गेले. मे महिना उजाडला होता. चौथ्या दिवशी मी फार वाईट बोलले. "पुरे आता. हे इंजिनियर लोकांचं काम आहे, आपल्या आवाक्यातलं नाही. मी मंडळाला कळवते आणि मुलींचे फॉर्म ठाण्याला पाठवते."

तिनं इस्त्री थंड होऊ दिली, वायर गुंडाळली आणि घरी गेली. मला वाटलं, आता ही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडायच्या आधी ती शटरपाशी उभी होती. हातात तिच्या कंपनीचं एक नापास झालेलं कार्ड. लाइन हलवली तेव्हा सगळ्या बायकांनी आठवण म्हणून एकेक आणलं होतं.

"हे बघा. ह्या प्रत्येक आयसीच्या, म्हणजे काळ्या चिपेच्या, कुशीत एक पिवळा दाणा हाय. कपॅसिटर. एकपन आयसी ह्याच्याशिवाय न्हाई. आमची सुपरवायझर म्हणायची, बाकी काय विसरलात तर चालेल, हा विसरू नका. का, ते तिनं कधी सांगितलं न्हाई. काल रात्री जेवताना डोक्यात आलं. आता आशुतोषदादाचा अडॅप्टर पालथा करा."

मी पालथा केला. चकतीच्या पोटाला तिळाएवढे आठ-दहा तुकडे चिकटलेले होते. आम्ही दोघींनी ते शंभरदा बघितले होते आणि सोडून दिले होते. त्यांतून वीज कुठं जात नव्हती, त्यामुळं मल्टिमीटरनंही त्यांच्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

"चिप एका दमात वीज ओढते आणि सोडते," ती म्हणाली. "वायर लांब पडते. दाराशी पाण्याची कळशी भरलेली पाहिजे, टाकीपर्यंत जायला वेळ न्हाई."

तिनं आठ पिवळे दाणे विजेच्या पायांना अगदी खेटून लावले. सकाळी साडेदहाला मशीन चालू केलं. बारा वाजले, दोन वाजले. दुपारच्या बॅचच्या मुली आल्या, त्यांना मी त्याच मशीनवर बसवलं. संध्याकाळी सहापर्यंत ते एकदाही थांबलं नाही. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमीपन घाबरला होता. सोडा. अजून सहा करायचे हायत."

सहा अडॅप्टर तिनं अकरा दिवसांत केले. पाचवा आणि सहावा दिसायलाही विकतच्यासारखे होते. आशुतोषनं चिपा आणि इकडून तिकडून काढलेली मेमरी दिली. अडॅप्टर बघितल्यावर त्यानं पेजर वाजत असताना तिकडं लक्षच दिलं नाही. "ताई, हे तुम्ही हातानं केलं?"

"मग काय पायानं?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

सोळा जूनला मंडळाचे तपासनीस आले. वामन खांबेटे नावाचे उंच, कोरडे गृहस्थ. सफारी सूट, हातात फाइल. त्यांनी आठही मशीनं एकदम चालू करायला लावली, मुली बसवल्या, आणि स्वतः आणलेल्या फ्लॉपीतून चित्रं असलेला वीस पानी मजकूर प्रत्येक मशीनवर चढवला. एक तास मुली टाइप करत होत्या, तक्ते करत होत्या, पानं उलटत होत्या. खांबेटे मागं हात बांधून फिरत होते. एकही मशीन अडलं नाही. मग ते एका मशीनपाशी थांबले.

"वेग ठीक आहे. पण मॅडम, ही कॅबिनेटं जुनी आहेत. आत पेंटियमच्या तोडीची चिप आहे हे मी कशावरून मानू? उघडा."

ज्ञानेश्वरीनं झाकण काढलं. आतला मनोरा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे काय बसवलंय? हे कंपनीचं नाही."

ज्ञानेश्वरी पुढं झाली. "मी केलंय सर. दाखवते."

तिनं मशीन बंद केलं. पंखा काढला. चिपेवरचा उष्णता वाहून नेणारा पांढरा मलम कापसानं पुसला, आणि खाली कोरलेली अक्षरं दिसली. खांबेट्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली. पी सेव्हन्टी-फाइव्ह. म्हणजे चिप बनवणाऱ्यांनीच ती पेंटियम पंचाहत्तरच्या तोडीची असल्याचं तिच्यावर छापलं होतं. मग तिनं चिप उचलली, अडॅप्टर उपसून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि एकेक भाग बोटानं दाखवत गेली. हे पाय सरळ जातात. हे कापलेत. इथून पाच व्होल्ट येतात, इथं कमी होतात. हा पाय वेग ठरवतो. हे दाणे नसतील तर वीस मिनिटांत मशीन गोठेल. खांबेट्यांनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं तिनं न अडखळता दिली.

"आता परत बसवा. चालू झालं तर मानतो."

तिनं अडॅप्टर बसवला, चिप दाबली, नवा मलम लावला, पंखा अडकवला. मी घड्याळ बघत होते. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पीप आला, अक्षरं आली, आणि एकशे तेहतीस. मागून कुठल्यातरी मुलीनं "येस!" केलं आणि सगळ्या खिदळल्या.

"तुम्ही इंजिनियर आहात?" खांबेट्यांनी विचारलं.

"न्हाई सर. ऑपरेटर."

त्यांनी फाइल उघडली आणि उभ्या-उभ्याच लिहिलं. केंद्र मान्य. शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ होती, ती मी नंतर वाचली: 'केंद्राची तांत्रिक देखभाल या परिसरात मी पाहिलेल्या केंद्रांपैकी सर्वोत्तम.' जाताना दारात वळून त्यांनी विचारलं, "आमच्या ऑफिसात चार मशीनं अशीच पडून आहेत. बघाल का?"

अडतीसपैकी छत्तीस मुली पास झाल्या. दोघी नापास झाल्या त्या त्यांच्या कर्मानं, पण त्याही पुढच्या वेळी सुटल्या.

आशुतोष आठवड्यातच आला, या वेळी पेढे घेऊन. त्याला पंचवीस अडॅप्टर हवे होते. ज्ञानेश्वरीनं ते एकटीनं करायचं नाकारलं. कंपनीतून घरी बसवलेल्या बायकांपैकी राहीबाई आणि आणखी दोघींना तिनं बोलावून घेतलं, आणि रोज दुपारी माझ्या क्लासात चार इस्त्र्या तापायला लागल्या. एक तिनं सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. जी टाके मारेल तीच मशीन चालू करून बघेल. टेस्टिंगचा वेगळा हॉल वगैरे काही नाही. दोन वर्षांत त्यांनी साडेतीनशेच्या वर अडॅप्टर केले. नेरूळच्या डीटीपीवाल्यांकडं, बेलापूरच्या वकिलांकडं, दिवाळे गावातल्या मच्छीमार सोसायटीत, वाशीच्या दवाखान्यांत. त्यातले किती परत आले म्हणाल तर पाच, आणि त्यातल्या दोनांत चूक लावणाऱ्याची होती.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत तिनं माझ्या शेजारचाच गाळा भाड्यानं घेतला. पाटी रंगवणारा म्हणाला, "किसन माने लिहू ना?" किसन तिथंच उभा होता. तो म्हणाला, "माझं आडनाव साळुंखे हाय. आन् मला सोल्डरिंग येत न्हाई." पाटीवर तिचंच नाव आलं.

नव्व्याण्णव साल उजाडेपर्यंत फोर-एटी-सिक्स मशीनं मोडीत निघायला लागली. मला काळजी वाटायची की आता हिचं काय. मार्चमध्ये एका सकाळी नेरूळचा एक फोटो स्टुडिओवाला तिच्या दुकानात आला. त्याच्याकडं पेंटियम टूचा बोर्ड होता, प्रोसेसर उभ्या पट्टीसारखा खाचेत बसणारा. हातात नवीन स्वस्त चिप होती, चौकोनी, पायांची. तीन दुकानांनी त्याला बोर्ड बदलायला सांगितलं होतं. ज्ञानेश्वरीनं कपाटातून एक उभी पट्टी काढली, तिच्या अंगावर चौकोनी सॉकेट बसवलेलं, म्हणजे पुन्हा एक अडॅप्टरच. आशुतोषनं आदल्याच आठवड्यात नमुना म्हणून आणून दिली होती.

"बोर्ड कधीचा?" तिनं विचारलं.

"मागच्या वर्षीचा."

"मग बोर्ड दोन व्होल्टपर्यंत खाली येईल, ह्या चिपेला तेवढेच लागतात. आधी बायॉस, बोर्डाचा आतला प्रोग्राम, नवं घालावं लागेल. बसा, चहा सांगते."

तो बसला. चहा येईपर्यंत राहीबाईंनी बोर्ड उघडला होता आणि ज्ञानेश्वरी फ्लॉपी घालून बायॉस चढवत होती. मी माझ्या क्लासात बॅच लावायला निघाले तेव्हा त्या पट्टीवरचा पंखा फिरायला लागला होता, आणि स्टुडिओवाला खुर्चीवरून उठून स्क्रीनला नाक लावून उभा होता.